सिंहराजाच्या अलीकडे

४ डिसेंबर २०२३, सोमवार. कँडी

कटुनायकेच्या विमानतळाबाहेर आधी कावळा दिसला, मग साळुंकी. दोन्ही वहीत लिहिले. नव्या मुलखात जे आधी दिसेल ते आधी लिहायचं, ही कॉलेजपासूनची सवय आहे. साताऱ्याचं लग्नघर सोडून आलो, हातावरची मेंदी अजून गडद आहे आणि गळ्यात मंगळसूत्राबरोबर दुर्बीण आहे.

कँडीची वाट चढाची. गाडी चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे आहेत. इथे थोरल्या भावाला 'अय्या' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना अय्याच म्हणतो. वाटेत एका टपरीपाशी थांबून त्यांनी आम्हाला थांबिली पाजली. केशरी सालीचं, इथल्या मातीतलं शहाळं. माझ्या नवऱ्याला ते फार आवडलं.

लग्न ठरताना त्याने मला विचारलं होतं, "तुला कुठे जायचंय?" मी सिंहराजा म्हटलं. त्याने ते नाव मोबाईलवर शोधलं, जळवांचे फोटो पाहिले आणि तरी हो म्हणाला. त्याच्या मनात कँडीचं दंतमंदिर होतं आणि कँडीहून एल्लाला चहाच्या मळ्यांतून जाणारी रेल्वे. तेही बेतात आहे. सिंहराजानंतर नुवारा एलिया. तिथल्या व्हिक्टोरिया पार्कात हिवाळ्यात नवरंग, पाईड थ्रश आणि काश्मीर फ्लायकॅचर उतरतात. हिमालयाकडून निघालेले हे पक्षी एका डोंगरगावच्या बागेत, लोकांच्या पायांशी काही महिने काढतात.

सिंहराजा बेटाच्या नैर्ऋत्येला, ओल्या पट्ट्यातलं पर्जन्यवन. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी तिथे यंत्रांनी झाडं तोडायला सुरुवात झाली होती. लोकांनी आवाज उठवला, तोड थांबली, आणि १९८८ साली युनेस्कोने त्या जंगलाला जागतिक वारशात घेतलं. या बेटावर तीसहून अधिक पक्षी असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यांतले बहुतेक सिंहराजात भेटतात. निळा मॅगपाय, लालतोंड्या मालकोहा, हिरव्या चोचीचा भारद्वाज. ही नावं मी परीक्षेच्या अभ्यासातही वहीच्या मागच्या पानावर लिहीत असे.

सह्याद्रीत पक्षी बघत वाढलेल्या माणसाला हे बेट परकं वाटतच नाही. पश्चिम घाट आणि श्रीलंका हा जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात. हिमयुगांत समुद्र खाली गेला की पाल्कची सामुद्रधुनी कोरडी पडायची आणि मधली जमीन उघडी व्हायची. पुन्हा पाणी चढलं की इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. कोयनेच्या रानात जे कुटुंब मला माहीत आहे, त्याची तिकडे राहिलेली शाखा बघायला मी आले आहे.

५ डिसेंबर, मंगळवार

पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानात सकाळ गेली. १८२१ सालची बाग. महावेली नदी तिला तीन बाजूंनी वळसा घालते. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनचं मुख्यालय इथेच होतं. उंच झाडांवर शेकडो वटवाघळं लटकली होती आणि भर दिवसा भांडत होती.

आणि लेयर्डचा पोपट! पाचू रंगाचा गळपट्टा, पाठ निळसर राखाडी. चारजण ओरडत आले आणि एका फांदीवर बसले. माझे हात थरथरले, दुर्बीण स्थिर राहीना. आपल्या घाटातला निळ्या पंखांचा पोपट डोळ्यांसमोर आला. तीच अंगकाठी, तोच उडतानाचा कर्कश आवाज, रंग मात्र कोणीतरी पुन्हा नव्याने भरलेले.

एडगर लेयर्ड १८४० च्या दशकात या बेटावर नोकरीला होता आणि पक्षी गोळा करायचा. १८४९ मध्ये एडवर्ड ब्लाइथने या पोपटाचं शास्त्रीय नामकरण केलं तेव्हा नाव दिलं ते लेयर्डच्या बायकोचं, बार्बरा कॅलथ्रॉपचं. म्हणजे बोलताना नवऱ्याचं नाव आणि ग्रंथात बायकोचं. हे त्याला सांगितलं, वाटलं त्याला मजा वाटेल. तो बाकावर बसून होता. म्हणाला, "छान आहे," आणि डोळे मिटले. बुबुळं फिरवली की दुखतात म्हणाला.

संध्याकाळी अंग तापलं. १०१. मग १०२. पांघरूण घेऊनही हुडहुडी.

६ डिसेंबर, बुधवार

रात्रभर १०३. पाठ, मांड्या, सांधे, सगळं मोडल्यासारखं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी धणे आणि आलं उकळून काढा आणला, इथे त्याला कोत्तमल्ली म्हणतात. दोन घोट घेऊन उलटी झाली.

सकाळी अय्यांनी गाडी थेट दवाखान्यात घेतली. पन्नाशीच्या डॉक्टरबाई. तपासायच्या आधीच त्यांनी विचारलं, कुठलं औषध घेतलंत? त्याच्या बॅगेत अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी होती. त्यांनी ती मागून घेतली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, यातलं काही म्हणजे काही चालणार नाही. फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं फुगवून ठेवला आणि सोडल्यावर कातडीवर उठलेले लाल ठिपके मला दाखवले.

रक्त दिलं. दुपारी चारला निकाल आला. एनएस-१ पॉझिटिव्ह. डेंगी.

मी म्हटलं, इथे येऊन दोनच दिवस झालेत. त्या म्हणाल्या, डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. हा ताप तुम्ही बरोबर घेऊन आला आहात.

म्हणजे साताऱ्यातून. लग्नघरातून.

७ डिसेंबर, गुरुवार

दाखल केलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून कँडीच्या तळ्याचा एक तुकडा दिसतो. इथे नर्सला 'मिसी' म्हणतात, म्हातारे आजोबासुद्धा आदराने मिसी म्हणून हाक मारतात. आमच्या मिसी विशीतल्या असतील. केसांत एकही बट सुटलेली नाही, आणि दर चार तासांनी न चुकता दारात.

आज आम्ही सिंहराजाच्या कुडावा गावात असणार होतो. फोन करून सांगितलं. घरमालक म्हणाले, नवऱ्याला बरं वाटू दे, खोलीचं काय एवढं. मग जंगलातल्या वाटाड्याला फोन केला. वाटाड्याशिवाय तिथे आत जाता येत नाही आणि हा मुलगा मला गेले काही महिने रोजची खबर कळवत होता. तो हळहळला. म्हणाला, ताई, आज सकाळी थवा रस्त्यालगतच होता.

थवा म्हणजे काय ते लिहून ठेवते, कारण आज दुसरं काही सुचत नाही. सिंहराजातले पक्षी एकेकटे हिंडत नाहीत. नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत पुढे निघतात आणि त्यांच्यामागे सगळं रान चालू लागतं. कुणी पानांखालचे किडे वेचतं, कुणी सालीखालचे, कुणी उडते पकडतं. एका थव्यात सरासरी चाळीसच्या आसपास पक्षी आणि दहा-बारा जाती असतात. कोलंबो विद्यापीठाच्या शरत कोटगम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून या थव्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. थव्यात कोतवाल असतो, तुरेवाला. तो पहारा करतो, ससाणा दिसला की इशारा देतो आणि इतर पक्ष्यांच्या हाकांची नक्कल करतो. तासभर जंगल मुकं असतं, एक पान हलत नाही. आणि मग थवा येतो, आणि कुठे बघू कुठे नको असं होतं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांनी मला हे सांगताना हातवारे केले आहेत, शब्द पुरले नाहीत म्हणून.

आज तो रस्त्यालगत होता.

८ डिसेंबर, शुक्रवार

प्लेटलेट १,१०,०००. ताप १०२. पाणी नको म्हणतो, अन्नाचं नाव काढलं की तोंड फिरवतो. थांबिली तेवढी जाते.

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. काळजीने आवाज बसलेला. तरी शेवटी म्हणाल्या, "जंगलात जायचं खूळ नसतं तर बरं झालं असतं गं." जंगल आम्ही पाहिलंही नाही, आई, असं सांगितलं. डास घरचा आहे हे आज नाही सांगितलं. त्यांना रात्रभर झोप लागली नसती.

माझ्या आईला मात्र एक सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मला फार वाईट वाटतंय, सिंहराजा हुकलं. ती म्हणाली, "अगं, नवरा आजारी आहे, पक्ष्यांचं काय घेऊन बसलीस?" तिच्या जागी तिचं बरोबर. पण मला हे इथे लिहायचं आहे. नवऱ्याच्या अंगावरून ओला रुमाल फिरवताना माझ्या मनात पक्षी असतात आणि त्यामुळे त्याच्याविषयीची काळजी तसूभर कमी होत नाही. दोन्ही एका वेळी, एका छातीत राहतात. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते हातातून गेलं, तर ते दुःखच असतं. शेजारी मोठं संकट उभं आहे म्हणून त्या दुःखाला लाजायचं कशाला?

दुपारी तोच म्हणाला, गुंगीत, "तुझा मॅगपाय राहिला." मला रडू आलं. इतक्या माणसांत एवढं एकानेच म्हटलं, आणि तो माणूस १०२ तापात होता.

९ डिसेंबर, शनिवार

पहाटे ताप उतरला. ९८.४. मी थर्मामीटर पुन्हा लावून पाहिला. घरी कळवलं, दोन्हीकडे आनंद. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

नऊला डॉक्टरबाई आल्या. त्यांनी तापाचा आकडा पाहिला आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांचं बोलणं जसं समजलं तसं लिहिते, कारण हे आपल्याकडे किती लोकांना माहीत असेल याची मला शंका आहे.

डेंगीत ताप उतरतो तेव्हा धोका सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात केव्हातरी रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर, छातीत आणि पोटात, उतरतं. रक्त घट्ट होतं. हे कळतं ते पीसीव्हीवरून, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के, त्यावरून. त्याचा पहिल्या दिवशी ४१ होता, आज ४७. प्लेटलेट ४८,०००. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली आणि भोवती थोडं पाणी. झिरपणं सुरू झालं आहे. ते २४ ते ४८ तास चालतं, मग आपोआप थांबतं. तेवढा वेळ माणूस सांभाळायचा.

सांभाळायचा म्हणजे पाणी मोजायचं. कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो. जास्त दिलं तर तेच पाणी झिरपून फुप्फुसांभोवती साचतं आणि श्वास अडतो. इथल्या पद्धतीत मोठ्या माणसाचा हिशोब ५० किलो वजनावर बांधतात. ४८ तासांत ४,६०० मिलिलिटर, तोंडाने घेतलेलं आणि शिरेतून दिलेलं धरून. गरजेप्रमाणे वाटून, एकदम नाही. लघवी तासाला निदान २५ मिलिलिटर तरी व्हायला हवी, किलोमागे अर्धा. आणि रक्तदाबाच्या वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक २० वर आला की धावपळ.

मिसींनी मला एक मापाचा जग आणि तक्ता दिला. तक्त्यातल्या चौकटी अपुऱ्या वाटल्या म्हणून मी पक्ष्यांची वही काढली. तिच्यात रकाने आखलेलेच असतात, वेळ, जात, संख्या, हालचाल. त्यांच्यावर नवी नावं लिहिली. वेळ, प्यायला, लघवी, नाडी, दाब.

सकाळी १०.०० : थांबिली १०० मिली. लघवी ६०. नाडी ८८. दाब ११०/८०.
११.०० : साधं पाणी ५०. नाडी ९०.
१२.०० : क्षारसंजीवनी ५०. लघवी ४०. दाब १०८/८०.

१० डिसेंबर, रविवार

रात्रीच्या नोंदी दुसऱ्या पानावर आहेत. झोपायचं नव्हतं, झोप आलीही नाही.

पहाटे तीनला दाब १०४/८२. फरक २२. मिसी पुन्हा घेऊन गेल्या, पुन्हा तेच. हातपाय गार लागत होते. त्यांनी तळहात दाबून सोडला आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. फोन केला. दहा मिनिटांत रात्रपाळीचे तरुण डॉक्टर आले, पीसीव्ही ४९, सलाईनचा वेग वाढवला. ते गेले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, दर पंधरा मिनिटांनी पट्टा फुगवत राहिले. त्याला पोटात दुखत होतं. माझं मनगट धरून म्हणाला, "तू बोलत राहा."

काय बोलणार? मी घुबडाची गोष्ट सांगितली.

दीपाल वारकागोडा हे श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ. पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करणं हे त्यांचं काम. १९९५ साली कितुलगलच्या ओल्या जंगलात रात्री त्यांना एक हाक ऐकू आली. हळू, एकच सूर, मध्ये मोठा खंड, पुन्हा तोच सूर. बेटावरच्या सगळ्या घुबडांचे आवाज त्यांना पाठ होते. हा त्यांतला नव्हता. पक्षी काही दिसेना. वर्षं गेली. हाक येत राहिली आणि ते जात राहिले. जानेवारी २००१ मध्ये सिंहराजात तो अखेर त्यांच्या प्रकाशझोतात बसलेला सापडला. तांबूस, कानांवर पिसांचे तुरे जवळजवळ नसलेलं, मुठीत मावेल असं स्कॉप्स जातीचं घुबड. २००४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, सेरेंडिब स्कॉप्स घुबड. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेली ही पक्ष्याची पहिली नवी जात. त्या माणसाने अर्ध्या दशकाहून जास्त काळ एका आवाजावर विश्वास ठेवला होता.

साडेचारला दाब १०८/७८. पाचला लघवी ५५. तो झोपला होता. डॉक्टर म्हणाले, आता चहा घ्या.

दिवसभर तसंच. दर तासाची ओळ. दुपारी पाऊस झाला, संध्याकाळी तळ्याकाठच्या झाडांवर बगळे आणि पाणकावळे रात्रीच्या बसण्याला आले. वहीत त्यांची नोंद केली नाही. पान रिकामं नव्हतं.

११ डिसेंबर, सोमवार

पहाटे पीसीव्ही ४३. लघवी एका तासात १५०, मग २००. झिरपलेलं पाणी रक्तात परत येतंय. डॉक्टरबाईंनी सलाईन बंद केलं. धोका टळला, असं त्या म्हणाल्या, हे वाक्य मी वहीत तारखेसह लिहून घेतलं.

प्लेटलेट मात्र आज सर्वांत कमी. १९,०००.

हा आकडा घरी कळला आणि सकाळपासून फोन थांबेनात. काका, मावशी, त्याचे ऑफिसातले मित्र, सगळ्यांचा एकच प्रश्न, प्लेटलेट किती? पपईच्या पानांचा रस दे. किवी दे. बकरीचं दूध मिळेल का बघ. रक्तपेढीत सांगून ठेवलंस का? पुण्याला हलवता येईल का?

प्रेमाने विचारतात, ते मला कळतं. पण शनिवारी रात्री जेव्हा खरोखर घसरण चालली होती तेव्हा प्लेटलेट आजच्या दुपटीहून जास्त होत्या आणि सगळे निश्चिंत झोपले होते. आज तो उठून बसला आहे, भूक लागली म्हणतो, आणि आज सगळे घाबरले आहेत. रक्तस्राव नसेल तर नुसत्या कमी आकड्यासाठी प्लेटलेट चढवत नाहीत, त्याने उपयोग होत नाही आणि अपाय होऊ शकतो, हे डॉक्टरबाईंनी दोनदा समजावलं. आपल्याकडे घरोघरी हा एक आकडा पोचला आहे. पीसीव्ही कुणी विचारत नाही. लघवी किती झाली हे विचारायला तर लोकांना संकोच वाटतो. ज्या गोष्टीने जीव वाचतो ती विचारायची लाज, असं का असावं? डेंगी दर पावसाळ्यानंतर आपल्या गल्लीत येतो. एवढं ज्ञान तरी आता घरात असायला हवं.

दुपारी त्याने कोला कॅंद अर्धी वाटी प्यायली. तांदूळ, नारळाचं दूध आणि पालेभाजीचा रस, आपल्या पेजेसारखी पातळ आणि हिरवीगार. अय्यांच्या घरून डब्यात आली होती.

१२ डिसेंबर, मंगळवार

प्लेटलेट ३१,०००. हातापायांवर लाल पुरळ उठलंय आणि त्यात मधूनमधून कातडीचे पांढरे ठिपके शिल्लक. तळवे इतके खाजतात की तो वैतागला आहे. हे बरं होण्याचं लक्षण.

सकाळी तो म्हणाला, "उडवत्तेकेलेला जाऊन ये. मी पडलोय इथे, मिसी आहेत." उडवत्तेकेले म्हणजे दंतमंदिरामागच्या टेकडीवरचं राखीव जंगल, शंभरेक हेक्टरांचं, शहराच्या ऐन मध्यात. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "परत गेल्यावर मला हे ऐकायचं नाहीये की माझ्यामुळे तू एकदाही गेली नाहीस." हे तो रागाने नाही म्हणाला, अगदी साध्या आवाजात म्हणाला. गेले.

फाटकापाशी पोचले तोच पाऊस. थांबेल म्हणून झाडाखाली उभी राहिले, थांबला नाही. वर चढले. मोज्यांवरून जळवा चढत होत्या. दुर्बिणीची भिंगं धुक्याने भरली, पुसली की पुन्हा. पानांवरच्या पावसाचा आवाज इतका की दुसरं काही ऐकूच येईना. मग सर जरा ओसरली आणि उजव्या हाताला, बांबूच्या बेटात, अगदी जमिनीलगत एक गोड, खालून वर जाणारी शीळ. तपकिरी डोक्याचा सातभाई, इथला खास. माझ्यापासून चार पावलांवर असेल. पानं हलली. पुन्हा शीळ. मी गुडघ्यावर बसले, श्वास रोखला. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला असता तर तो कदाचित बाहेर आला असता. पक्ष्याला असं फसवून बोलावणं मला मान्य नाही, म्हणून वाजवला नाही. शीळ दूर गेली, उताराच्या खाली. पुन्हा पाऊस.

आवाज ऐकला तर काही जण यादीत धरतात. मी धरत नाही. मला डोळ्यांनी बघायचं असतं. डोळ्याचा रंग, पाय कसे ठेवतो, शेपटी कशी झटकतो. त्याशिवाय तो पक्षी मला भेटला असं वाटत नाही.

परत आले तेव्हा तो वाट बघत होता. "दिसला?" नाही म्हटलं आणि मग थांबवता येईना, खूप रडले. जागरणाचं, भीतीचं आणि त्या चार पावलांचं. त्याने सुजलेल्या, खाजणाऱ्या हाताने माझे मोजे उलटे करून जळवा शोधल्या. एक सापडली, टाचेपाशी. "ही तरी लिही," म्हणाला.

१३ डिसेंबर, बुधवार

प्लेटलेट ६४,०००. घरी सोडलं. विमानप्रवास चालेल असं पत्र मिळालं. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं की डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला म्हणजे त्याच प्रकारापासून दीर्घ संरक्षण मिळतं, बाकीच्यांपासून नाही, आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या प्रकाराने झाला तर तो अधिक तीव्र होण्याचा धोका असतो. म्हणून पुढे ताप आला की आधी हे सांगायचं. मिसींना निरोप द्यायला गेलो तर त्यांची पाळी संपून गेली होती.

दंतमंदिर बाहेरूनच पाहिलं. पायऱ्या चढण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. रेल्वेचं तिकीट कधीच गेलं होतं. त्याचंही राहिलं, हे मी आज पहिल्यांदा त्याला मोठ्याने म्हटलं. तो म्हणाला, "हो. मला त्या गाडीच्या दारात उभं राहायचं होतं." आणि बराच वेळ आम्ही त्या गाडीविषयी बोललो. कुठल्या बाजूला बसायचं, नानू ओया स्टेशनला उतरायचं की पुढे जायचं.

१४ डिसेंबर, गुरुवार

परत. विमानात तो झोपला. अय्यांनी निघताना थांबिलीचे दोन घड गाडीत ठेवले होते, विमानतळावर सोडून द्यावे लागले.

१६ डिसेंबर, शनिवार. सातारा

सासूबाईंना आज सांगितलं. समोर बसून, हात धरून. डास घरचा होता. लग्नाला पाणी पुरावं म्हणून गच्चीवर भरून ठेवलेले निळे पिंप अजून तसेच आहेत, दोनांवर झाकण नाही. आम्ही त्यात टॉर्च मारली, आणि खाली-वर वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांनी पाहिल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या, पदर खोचला आणि पिंप उलटा करायला स्वतः हात लावला.

नुसतं ओतून भागत नाही. एडिस डासाची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या वर, पिंपाच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आतून काथ्याने घासले, रिकामे करून उन्हात पालथे घातले. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, मांडववाल्यांनी टाकून दिलेले थर्माकोलचे द्रोण, शेजाऱ्यांच्या जिन्याखालचा टायर. दुपार त्यात गेली. शेजारच्या काकू टायर काढू देईनात, मग नवऱ्याला त्यांच्यासमोर उभं केलं. चार किलो वजन उतरलेला माणूस पाहून त्यांनी टायर दिला.

संध्याकाळी मामींचा फोन. लग्नात आठवडाभर याच घरात असलेल्या मामेभावाला मंगळवारपासून ताप होता, डेंगी निघाला. आज दुपारी ताप उतरला म्हणून त्या खूश आहेत, उद्या दवाखान्यातून घरी आणायचं म्हणतात.

मी सांगितलं, मामी, आणू नका. उद्या आणि परवा तिथेच राहू द्या. एक मापाचा पेला घ्या, वही घ्या. दर तासाला किती प्यायला आणि किती लघवी झाली ते लिहा, संकोच करू नका. पोटात दुखलं, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा. डॉक्टरांना प्लेटलेट विचाराल तेव्हा पीसीव्ही किती तेही विचारा, पहिल्या दिवशी किती होता आणि आज किती. मामींनी पेन शोधलं. पीसीव्ही, त्यांनी पुन्हा विचारून लिहून घेतलं. रात्री नऊला त्यांचा आकडा आला. काल ४०, आज ४४. मी आणि नवरा आता गाडी काढून मामींकडे, कराडला निघतो आहोत.